अरेकाच्या पायाशी

भर आषाढात लोणावळ्याहून पुण्याकडे येणारी लोकल पकडली, की खिडकीतून पाऊस ओसरत जाताना दिसतो. लोणावळ्यात तो कोसळत असतो. मळवलीला कार्ल्या-भाज्याचे डोंगर ढगात बुडालेले, कामशेतला भातखाचरं बांधापर्यंत भरलेली. वडगावच्या पुढं खाचरं विरळ होतात, तळेगावला पावसाचा जोर कमी होतो, आणि घोरावाडी मागे टाकून गाडी बेगडेवाडीला थांबते तेव्हा कितीदा तरी फलाट नुसता भिजलेला असतो, वर आभाळ उघडलेलं. लोणावळ्याची वर्षाची सरासरी चार हजार मिलीमीटरच्या वर जाते, पुणे शहराची सातशेच्या आसपास राहते. बेगडेवाडी या दोन आकड्यांमधल्या उतारावर आहे, आणि तिचा कल पुण्याकडे अधिक आहे. चार महिने अंगण ओलं, आठ महिने कोरडं. इथं कोणतं झाड कोणाशेजारी लावायचं याचा विचार मला या उतारापासूनच सुरू करावासा वाटतो.

आमच्याकडे घराची कुंपणभिंत उभी राहिली, की तिच्यालगत पहिलं येतं ते अरेका पाम. देहूरोड ते तळेगावच्या पट्ट्यात नवी घरं उठत गेली तशा त्याच्या रांगाही उठत गेल्या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या रोपवाटिकांत तो सर्वांत पुढं मांडलेला असतो. मंगल कार्यालयात वधूवरांच्या खुर्च्यांच्या दोन्ही अंगांना त्याच्याच कुंड्या, बँकेत आणि दवाखान्यातही तोच. तो लोकांना का आवडतो हे कळायला कठीण नाही. काटा नाही, पाचोळ्याचा त्रास थोडा. एका बुडातून पिवळसर, पेरं असलेली कितीतरी खोडं वर येतात आणि लांब पानं बाहेरच्या बाजूला झुकून रस्त्याची नजर अडवतात. मग दोन-तीन वर्षांत खालची पानं झडतात, खोडं उघडी पडतात, पायाची माती दिसू लागते आणि प्रश्न येतो, इथं काय लावावं?

रोपवाटिकेत या प्रश्नाचं उत्तर रंगात मिळतं. ‘ताई, हिरव्याखाली लाल उठून दिसतं, क्रोटन न्या. नाहीतर हे बघा, पिवळ्या पट्ट्याचं ड्रॅसिना.’ सांगणारा माणूस मनापासून सांगतो, आणि त्याच्या सावलीच्या जाळीखाली, रोज दोनदा पाणी मिळणाऱ्या पिशव्यांत, ती झाडं एकमेकांशेजारी खरोखर सुंदर दिसतात. पण जाळी आणि ते पाणी रोपाबरोबर घरी येत नाही. रंगाचा विचार शेवटी यावा असं माझं ठाम मत आहे. दोन झाडं एका मातीत लावायची म्हणजे दोघांना एकाच बादलीतून पाणी द्यायचं. म्हणून आधी दोघांची तहान विचारावी, मग उन्हाची सहनशक्ती, मग मुळांची खोली. या तिन्हींतून जे उरेल त्यातून रंग निवडावा.

अरेका पाम मूळचा मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याकडचा. त्या बेटाच्या पूर्व अंगाला दक्षिणोत्तर कडा आहे. हिंदी महासागरावरून येणारे आग्नेय वारे त्याला अडतात आणि पूर्व उतारावर पाऊस पाडतात. कड्यापलीकडचा पश्चिम भाग कोरडा राहतो. आपल्या सह्याद्रीचीच ही गोष्ट, दिशा तेवढी उलटी. अरेका ओल्या बाजूचा रहिवासी आहे. जगभरच्या दिवाणखान्यांत मिळणारं हे झाड स्वतःच्या घरी मात्र थोडं उरलं आहे, आणि निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते संकटाच्या उंबरठ्यावरच्या वर्गात नोंदलेलं आहे. हे वाचल्यापासून मी भिंतीलगतच्या रांगेकडे निव्वळ पडदा म्हणून पाहू शकत नाही. लोणावळ्याच्या हवेत ते झाड आनंदाने राहील. बेगडेवाडीत त्याला आठ महिने आपल्या हाताने पाऊस द्यावा लागतो.

त्याचे देशबांधव इथं आधीच आलेले आहेत, हे लक्षात आल्यावर मला फार मौज वाटली होती. सदाफुली मादागास्करची. रस्त्यारस्त्यांवर मे महिन्यात पेटणारा गुलमोहर मादागास्करचा. फाटकाशी काट्यांसकट लाल फुलं धरणारी युफोर्बियासुद्धा तिथलीच. एका बेटावरची ही मंडळी एका अंगणात पुन्हा भेटवावी, असं कुणाच्याही मनात येईल. पण गुलमोहर त्या बेटाच्या कोरड्या रानातला, म्हणून तो आमच्या उन्हाळ्यात फुलतो. सदाफुली भिंतीच्या भेगेत वाढते आणि पाणी साचलं की कुजते. युफोर्बियाला तर पाणी विसरणारा मालक आवडतो. अरेकाला हवी तितकी ओल या तिघांपैकी कुणालाच सोसत नाही. लोणावळ्याच्या फार्महाउसांच्या फाटकाशी पंख्यासारखा उघडलेला ट्रॅव्हलर्स पाम दिसतो, तो तेवढा मादागास्करच्या ओल्या बाजूचा. तहान जुळते, पण त्याचा पसारा असा, की लहानशा अंगणात तो अरेकाचं सगळं आभाळ घेऊन टाकील. एका गावचे म्हणून सुखाने एकत्र राहतीलच असं नाही, आणि झाडांच्या बाबतीत तर डोंगराच्या कोणत्या बाजूचं गाव, हे आधी विचारावं लागतं.

अरेकाच्या सोबत्यांची सर्वांत गाजलेली जोडणी दिल्लीतली आहे. कमल मीटल यांनी तिथल्या आपल्या कार्यालयाच्या इमारतीत अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट अशी तीन झाडं मोठ्या संख्येने ठेवली, आणि २००९ साली टेडच्या व्यासपीठावरून त्यांविषयी सांगितलं. दिवसा अरेका, रात्री स्नेक प्लांट, आणि घातक वाफांसाठी मनी प्लांट, अशी ती वाटणी. तेव्हापासून ही तिन्ही झाडं घरोघरी एकत्र जाऊ लागली. त्याआधी १९८९ साली नासाने बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांनी घरातल्या झाडांबद्दल अशी आशा निर्माण केली होतीच. पुढं २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणून हवेसाठी खिडकी उघडावी आणि झाड झाडासाठी ठेवावं, असं मला वाटतं. त्या त्रिकुटाबद्दल मला सांगायचं आहे ते वेगळंच. स्नेक प्लांट पाणी पानांत साठवतो, श्वासाची छिद्रं रात्री उघडतो आणि आठवडेच्या आठवडे कोरड्या मातीत राहतो. अरेकाची माती तशी कोरडी पडली तर त्याच्या पानांची टोकं जळतात. खोलीत दोघं शेजारी शोभतील, पण कुंड्या वेगळ्या हव्यात. एका कुंडीत लावून दोघांनाही सुखात ठेवणं मला शक्य दिसत नाही.

मनी प्लांटचं म्हणाल, तर तो अरेकाइतकाच ओलीचा आणि सावलीचा. कुंडीत त्याने जरूर सोबत करावी. जमिनीत मात्र त्याला अरेकाच्या बुडाशी सोडू नये. त्याला चढायला उभं काही मिळालं, की पान तळहाताएवढं होतं ते पाहता पाहता ताटाएवढं होतं आणि कोवळी खोडं त्याच्याखाली झाकून जातात.

माझ्या घरी ही रांग पाहायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, ‘याला सुपारी कधी धरणार?’ घाटावरच्या माणसाने हे विचारणं अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे सुपारी गणपती म्हणून पाटावर बसते, कलशाशी असते, लग्न ठरताना फुटते, पण तिचं झाड पाहायला घाट उतरावा लागतो. सुपारीची पोफळ वेगळी. तिचं खोड एकच, सरळ, राखाडी, वर हिरवा देठ आणि शेंड्याला मोजकी पानं. आमच्या अंगणातला अरेका तिचा दूरचा नातलग म्हणता येईल, एवढंच. तरी सोबतीचा विचार करताना मला पोफळीकडेच जावं लागलं. झाडाखाली झाड कसं लावायचं, याचं मराठी माणसाकडे जे खरं, पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे ते पोफळीच्या बागांत आहे.

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, गुहागर या किनाऱ्यावरच्या गावांत घराच्या मागे वाडी असते. मागच्या दारातून पाऊल टाकलं की उन्हाचा रंगच बदलतो. सर्वांत वर नारळ, त्याच्या थोडी खाली पोफळ. पोफळीच्या खोडाला धरून मिरीचा वेल, मध्ये केळ, कुठं जायफळ, कुठं कोकम, आणि पायाशी हळद, आलं, सुरण, अळू, अननस. गोव्यात फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतल्या कुळागरांतही अशीच मजल्यांवर मजले रचना असते. डोंगरातून झऱ्याचं पाणी पाटाने उतरवून एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेलेलं असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, लवंग, मिरी यांची नीट आखणी करून जी ‘लाखी बाग’ लोकांपुढं ठेवली, तीही याच जुन्या समजुतीवर उभी आहे.

ही रचना टिकते ती पोफळीच्या अंगकाठीमुळे. पाम कुळातल्या झाडांना सोटमूळ नसतं. खोडाच्या बुडातून सुतळीएवढ्या मुळांचा झुबका सुटतो आणि त्यातली बहुतेक मुळं खोडाभोवतीच्या दोन-तीन फुटांतच राहतात. पोफळी साधारण २.७ मीटरवर लावतात. म्हणजे दोन खोडांच्या मध्ये एक पट्टा असा उरतो, की जिथं खाली तिचं मूळ फारसं नाही आणि वर तिचं पान फारसं नाही. तो पट्टा दुसऱ्यासाठीच असतो. शेंडा लहान असल्यामुळे ऊन गाळून खाली येतं, मिरीला आणि जायफळाला तेवढंच हवं असतं. मिरीच्या वेलाला चढायला खोड मिळतं, आणि तो खोडातून काहीही घेत नाही, त्याची मुळं आपल्या मातीतूनच जेवतात. केळीचं काम तर फार सूक्ष्म आहे. पोफळीचं कोवळं खोड नैर्ऋत्येकडून येणाऱ्या दुपारच्या उन्हाने भाजतं. भाजलेल्या जागी पुढं ते फाटतं आणि वाऱ्यात तिथंच मोडतं. म्हणून पोफळ मोठी होईपर्यंत त्या बाजूला केळ उभी करतात. मोठी झाल्यावर केळीची गरज सरते, पण तोवर कितीतरी घड घरात आलेले असतात.

सुपारी काढणारा माणूस एका पोफळीवर चढला, की तिथून उतरत नाही. शेंड्याशी बसून झाड झुलवतो, शेजारची पोफळ हाताला आली की तिच्यावर जातो, आणि अशी अर्धी बाग वरच्यावर पार करतो. पोफळींमधलं अंतर फार वाढलं तर त्याला हे करता येणार नाही, आणि फार कमी झालं तर खालचे मजले मरतील. अंतराचा तो आकडा मुळांनी, उन्हाने आणि माणसाच्या हाताच्या पोचीने मिळून ठरवला आहे असं मला वाटतं, आणि या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते.

आमच्या ओळीत श्रीवर्धनकडच्या एक काकू राहतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा त्यांच्या माहेरची वाडी बहुतेक आडवी झाली. पोफळी अर्ध्यावर मोडल्या आणि त्यांना धरून असलेल्या मिरीवेली त्यांच्याबरोबर खाली आल्या. आयुष्यभर गाळलेलं ऊन पाहिलेली झाडं दुसऱ्या दिवशी उघड्या उन्हात उभी होती. काकू हे सांगतात तेव्हा गेलेल्या झाडांची संख्या सांगत नाहीत. कुणाच्या आधाराने कोण होतं, ते सांगतात. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, वाडीचे मजले पुन्हा रचायला त्याहून पुष्कळ अधिक. माझ्या अंगणातलं अरेकाचं बेट पाहून त्या पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या होत्या, ‘याच्या पायाशी कुदळ घालू नकोस हं. पोफळीच्या पायाशी आम्ही कधी घालत नसू.’

हे वाक्य मी नियम म्हणून पाळते, आणि त्याचं कारणही आता कळतं. पामच्या खोडाला झालेली जखम भरून येत नाही. आंब्याची, लिंबाची साल जशी हळूहळू घाव झाकते, तसं त्याच्यात होत नाही. खुरप्याचा ओरखडा आयुष्यभर राहतो. मुळं तुटली तर नवी मुळं बुडातून यावी लागतात, आणि त्या काळात झाड पाण्यावाचून राहतं. म्हणून वेल चढवायला खोडाला तार बांधायची नाही, आणि जुन्या बेटाच्या अगदी बुडाशी काही लावायचं असेल तर ते कुंडीसकट ठेवायचं. जमिनीत लावायचं ते तीन फूट सोडून.

घाटावर कोरड्या मुलखातही सोबतीची एक शेती आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मिरज तालुक्यातल्या आरग, बेडग, नरवाड या गावांचे पानमळे. तिथं नागवेल चढवायला शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा लावतात. ही झाडं पटकन वाढतात, त्यांची पानं बारीक, सावली हलकी, आणि ऊन कमी-जास्त करायचं तर फांद्या छाटता येतात. सोबती निवडताना त्याला आवर घालता येईल का, हेही पाहावं, हे मी पानमळ्यावरून शिकले. माझ्याकडे नागवेल आहे, पण ती अरेकाच्या खोडावर चढवलेली नाही. शेजारी पांगाऱ्याची काठी रोवली, ती फुटली, आणि वेल तिच्यावर आहे. अरेकाच्या पानांतून गळणारी सावली तेवढी दोघांना मिळते.

आता आमची माती. बेगडेवाडीत फूट-दीड फूट खणलं की मुरूम लागतो. पाणी टिकत नाही, चटकन खाली जातं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड होतं, आणि त्यातल्या क्षारांनी अरेकाच्या पानांची टोकं तपकिरी पडतात. ती कात्रीने छाटत बसण्यापेक्षा पावसाळ्यात माती मनसोक्त धुऊन निघेल असं आळं करावं, हे बरं. खरी परीक्षा मार्च ते मे. अरेकाची तहान तेव्हा सर्वांत मोठी असते आणि पाणी सर्वांत थोडं. रोपवाटिकेतले बहुतेक सोबती, म्हणजे पीस लिली, कॅलेथिया, अॅग्लोनिमा, नेचे, अरेकासारखेच ओलीचे आणि सावलीचे आहेत. पुस्तकाप्रमाणे जोडी उत्तम. पण अरेकाला तहान लागते तेव्हाच त्यांनाही लागते, आणि एप्रिलमध्ये एका बादलीभोवती सगळेच तोंड उघडून उभे राहतात. घराच्या आत, कुंडीत, दोन-तीन झाडांपुरतं हे निभतं. अंगणातल्या रांगेखाली निभत नाही.

मला उत्तर सापडलं ते घोरावडेश्वरच्या डोंगरावर. या डोंगरावर जुनी बौद्ध लेणी आहेत, महादेव आहे, महाशिवरात्रीला मोठी गर्दी असते. मे महिन्यात चढलं तर पायाखाली पिवळं गवत आणि तापलेला दगड, दुसरं काही नाही. जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की त्याच कोरड्या उतारांतून पानं वर येतात. मावळातल्या डोंगरांवर या दिवसांत सापकांदा फणा काढून उभा राहतो, रानहळदीची रुंद पानं उघडतात, पुढं तेरडा सगळा उतार गुलाबी करून टाकतो. दिवाळीनंतर यांतलं काही दिसत नाही. कंद जमिनीत झोपलेला असतो, तेरड्याचं बी मातीत पडलेलं असतं. ही झाडं पावसाळ्यात भरभरून जगतात आणि उन्हाळ्यात कुणाकडे पाणी मागत नाहीत. आमच्या चार आणि आठ महिन्यांच्या हिशेबाशी ती हजारो वर्षं जुळवून घेत आली आहेत. अरेकाला इथं हवा असलेला सोबती असाच असला पाहिजे. पावसात त्याच्या बरोबरीने हिरवा राहील, आणि त्याला पाण्याची खरी गरज असेल तेव्हा बाजूला होईल.

म्हणून माझ्या रांगेखाली आता मुख्य वस्ती हळदीची आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कंद मातीत जातात, पावसाबरोबर पानं उठतात, श्रावणात ती अरेकाची उघडी खोडं पार झाकून टाकतात. नागपंचमीला काकू पातोळ्यांसाठी पानं नेतात, गणपतीत मोदक याच पानांवर उकडले जातात. पौष-माघात पानं आपोआप वाळतात, आणि ती तिथंच पसरून टाकली की मातीवर आच्छादन होतं. तीन फुटांचं अंतर राखल्यामुळे कंद काढताना अरेकाच्या मुळांना धक्का लागत नाही. बाथरूमचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं अळू आणि सोनटक्का आहे. ही दोन्ही पाण्यातली माणसं, त्यांना उन्हाळ्यात झोप लागत नाही, म्हणून त्यांना त्यांचं वेगळं पाणी. न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढवायची आपली जुनी रीत किती विचाराची होती, ते अशा वेळी कळतं. भाद्रपदात संध्याकाळी सोनटक्क्याचा वास आख्ख्या ओळीत पसरतो. पूर्वेकडे, जिथं सकाळचं ऊन मिळतं, तिथं तेरडा. काही घरांत गौरी तेरड्याच्याच येतात, त्यामुळे ओळखीतल्या बायका हक्काने मागायला येतात. डोंगरावरून मी कधी काही उपटून आणलेलं नाही, आणि कुणी आणू नये असं मला कळकळीने सांगायचं आहे. डोंगरावरचा एकेक कंद वर्षानुवर्षं साठवलेल्या अन्नावर उभा असतो. हळदीचे कंद बाजारात मिळतात, तेरड्याचं बी शेजारणीकडे मिळतं. तेवढ्यावर भागतं.

काही झाडांना मी नाही म्हटलं, तेही सांगायला हवं. मोगरा आणि जास्वंद यांना ऊन हवं, अरेकाखाली ती नुसती लांबतात, फुलत नाहीत. मावळातल्या हरितगृहांतले गुलाब व्हॅलेंटाइन डेला परदेशी जातात म्हणून पुष्कळांना वाटतं की गुलाब इथं कुठंही येईल. पण त्याला मोकळं आभाळ लागतं, अरेकाची गळती सावली त्याच्या पानांवर रोग आणते. कोरफड आणि अडेनियम मुळीच नकोत, त्यांचं पाणी वेगळं. आणि हिरवळ तर अजिबात नको. दाट हिरवळीच्या मुळांचा थर वरच्या वर सगळी ओल शोषून घेतो, शिवाय ती कापायचं यंत्र केव्हातरी खोडाला लागतंच.

दाटी करतानाही हात आखडता घ्यावा लागतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड एका झाडावरून दुसऱ्यावर चालत जातात, क्रोटनवर आले की काही दिवसांत अरेकाच्या पात्यांच्या मुळाशी दिसतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाल कोळीही येतो. हवा खेळती राहिली, पानांच्या मागच्या बाजूंवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारला, की पुष्कळ काम होतं. औषधाची बाटली मी सहसा उघडत नाही, आणि याला आणखी एक कारण आहे. अरेकाच्या एखाद्या पात्याची कड कधी कधी दोरा घातल्यासारखी गुंडाळलेली दिसते. आत एक अळी असते. ती ताडवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या एका लहान तपकिरी फुलपाखराची. त्याचं इथलं जुनं घर म्हणजे ओढ्याकाठची शिंदी. शिंदी कमी होत चालल्या, आणि मादागास्करहून आलेल्या या झाडावर ते अंडी घालू लागलं. मी न निवडलेला हा सोबती आहे. तो दोन-चार पाती खातो, झाडाला त्याने काही होत नाही.

राहिली आहे ती पश्चिमेची बाजू. तिथं दुपारनंतरचं ऊन थेट येतं, भिंत तापते, आणि त्या टोकाच्या दोन बेटांची पानं दर उन्हाळ्यात फिकी पडतात. यंदा तिथं केळ उभी करायची आहे, श्रीवर्धनच्या वाडीत पोफळीसाठी करतात तशी. केळ पाणी पुष्कळ पिते, म्हणून तिला अळूच्या पन्हळीतूनच वाट काढून द्यावी लागेल, आणि भिंतीपासून पुरेसं अंतर ठेवावं लागेल, नाहीतर पिलं अरेकाच्या बेटात शिरतील. काकूंचं म्हणणं वेलची केळ लावावी, उंच जाते आणि घडही गोड. आमच्या रस्त्यावर वारा बराच असतो, त्यामुळे मला ठेंगणी बसराई बरी वाटते. मृगाच्या आधी खड्डे घ्यायचे आहेत, तोवर हा निर्णय होईल. वेलचीची पिलं द्यायला काकूंची भाची महिनाअखेरीस येणार आहे.